आख्यानाचे स्थान : बेने इस्राएलांच्या कथा आणि आपले कीर्तन



वरूडास ऐन वैशाखात एक सप्ताह झाला, त्या वेळची ही गोष्ट. ऊन कसले, जाळच तो. संत्र्याच्या बागांना पाणी पुरेना, बोअर खोल खोल गेलेले. आमचा हा वरूड-मोर्शीचा पट्टा जमिनीतले पाणी अतोनात उपसलेला म्हणून सरकारदप्तरी नोंदला गेला आहे, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. अशा दिवसांत पाण्याचेच आख्यान लावावे म्हणून आम्ही नाथमहाराजांची कथा घेतली. गंगेची कावड रामेश्वरास निघाली आहे, वाटेत तापल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडते आहे, आणि महाराजांनी सगळी कावड त्या गाढवाच्या मुखी रिती केली. मंडप गहिवरला. आरती झाली, बुक्का लागला.

लोक पांगताना कॉलेजात शिकणारा एक मुलगा जवळ आला, पाया पडला आणि हळूच म्हणाला, “महाराज, हे खरंच झालं होतं का जी?”

आम्ही दमलेले होतो, त्यात थोडा अभिमानही असावा. आम्ही फाडकन् म्हणालो, “संतांच्या ठायी शंका घेणारा तू कोण?” मुलगा मान खाली घालून निघून गेला. सप्ताहाचे चार दिवस उरले होते, पण तो पुन्हा मंडपात दिसला नाही. त्याचा प्रश्न उर्मट नव्हता, आमचे उत्तर मात्र उर्मट होते. आणि खरे सांगायचे तर, उत्तर ठाऊक असूनही आम्ही ते दिले नाही. पाठशाळेत पूर्वमीमांसेचे पाठ घेतले होते, त्यात याच प्रश्नाचा विचार आहे. पण शिकलेले वेळेला उपयोगी पडले तर ते शिकणे!

असो. या प्रश्नाची उजळणी आम्हांला पुढे घडली ती मात्र भलत्याच ठिकाणी. त्याच वर्षी कार्तिकीनंतर कीर्तनासाठी अलिबागेस जाणे झाले. तिथे इस्राएल आळी म्हणून वस्ती आहे आणि तीत ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. यजमानांनी ते दाखवायला नेले. तिथल्या एका वृद्ध गृहस्थाने आम्हांला पागोटे-उपरण्यात पाहून हात जोडले आणि अगदी तुमच्याआमच्यासारख्या मराठीत म्हटले, “या बुवा. आमच्या आजोबांच्या वेळी आमच्याकडेही कीर्तनं होत असत.” आम्ही चकित झालो. यहुदी माणसाच्या घरी कीर्तन? मग तासभर बसलो. नंतर जे मिळाले ते वाचले, जाणत्यांना विचारले. त्यातून जे हाती आले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

या लोकांना बेने इस्राएल म्हणतात, म्हणजे इस्राएलाची लेकरे. त्यांचे परंपरागत आख्यान असे की, पुष्कळ शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे तारू अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी खडकांवर फुटले. सात पुरुष आणि सात बाया एवढेच वाचले. समुद्राने जी प्रेते किनाऱ्याला टाकली ती नवगावात पुरली, ते स्थळ आजही दाखवतात आणि तिथे स्मारक आहे. तारवाबरोबर त्यांचे धर्मग्रंथही बुडाले. वाचलेल्या चौदा जणांना गावाने आसरा दिला. ते तेलाचे घाणे चालवू लागले, कोकणी खेड्यांत पसरले, आणि ज्या गावी राहिले त्या गावावरून आडनावे घेतली : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, केहिमकर, अष्टमकर. मराठी हीच त्यांची मायबोली झाली.

ग्रंथ गेले, भाषा गेली. मग राहिले काय? शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारी दिवस मावळेपर्यंत घाणा बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांचे नाव ठेवले ‘शनिवार तेली’. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खाण्यापिण्याचे काही नियम. आणि देव एकच आहे अशा अर्थाचा ‘शमा’ हा एक छोटा मंत्र. जन्म असो, लग्न असो, मरण असो, दुसरी प्रार्थना येत नसल्यामुळे ते तोच म्हणत. वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पोथी वाचता येत नाही, पण मुखात नाम आहे, तेवढ्यावर पिढ्याच्या पिढ्या तरून गेल्याचे आपण घरोघरी पाहिले आहे.

पुढे दावीद रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी विद्वान आला, असे ते सांगतात. हे आपलेच लोक आहेत की काय हे पाहण्यासाठी त्याने बायांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. आपण माळकरी आहोत, उल्लेखाबद्दल क्षमा असावी, पण कथेचे मर्म त्यातच आहे. बायांनी पर आणि खवले असलेली तेवढी निवडली आणि बाकीची बाजूला सारली, कारण त्यांच्या शास्त्रात तसा नियम आहे. शास्त्र वाचलेले नव्हते, पण चुलीपाशी ते जपले गेले होते. रहाबीने त्यांच्यातल्या काहींना शिकवून तयार केले, आणि तेच पुढे गावोगावचे काजी झाले, असे परंपरा मानते. हा रहाबी कोणी हजार वर्षांपूर्वीचा मानतात, तर कोणी अठराव्या शतकातला कोचीनचा.

आता तो मुलगा इथे असता तर पुन्हा विचारता : “हे खरंच झालं होतं का जी?” विद्वानांनीही हेच विचारले आहे. तारू फुटल्याचा लेख किंवा ताम्रपट नाही. वाचलेले चौदाच का, असेही कोणी विचारील. त्याच किनाऱ्यावर चित्पावनांविषयीही समुद्राने आणून टाकलेल्या चौदा देहांचे आख्यान आहेच. पण 2016 साली या समाजाच्या रक्ताच्या नमुन्यांवरून आनुवंशिकतेची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत त्यांच्या ठायी बाहेरच्या ज्यूंचे आणि इथल्या मातीचे असे दोन्ही वंशांश भरपूर आढळले. म्हणजे कथेतले वर्ष आणि माणसांची संख्या सिद्ध होत नाही, पण ‘आम्ही दुरून आलो आणि इथलेच झालो’ हे जे कथा सांगते त्याला दुजोरा मिळतो. तरीही आमचे म्हणणे असे की, प्रयोगशाळेने काही सांगितले नसते तरी कथेचे स्थान ढळले नसते. का, ते पाहू.

आपल्या मीमांसकांनी वेदवाक्यांचा विचार करताना मुख्य भेद केला तो विधी आणि अर्थवाद यांचा. विधी म्हणजे ‘हे कर’. अर्थवाद म्हणजे त्या करण्याची गोडी लावणारे वर्णन, स्तुती, कथा. वायुदेवतेला अर्पण करावे हा विधी, आणि वायू सर्वांत वेगवान आहे ही स्तुती. ही स्तुती स्वतंत्रपणे काही करायला सांगत नाही. मग ती व्यर्थ म्हणायची काय? जैमिनींनी निर्णय दिला : नाही. ती विधीशी एकवाक्य होऊन प्रमाण ठरते. वासराला जसे गाईपासून तोडले तर दोघांचेही नुकसान, तसे अर्थवादाला विधीपासून तोडू नये.

या अर्थवादाचे पुढे तीन प्रकार सांगितले. उघड्या डोळ्यांना जे दिसते त्याच्या विरुद्ध वाक्य असेल तर तो गुणवाद. यज्ञातला खांब म्हणजे सूर्य, असे वेद म्हणतो. खांब काही सूर्य नव्हे हे वेदालाही कळते! पण तो सूर्यासारखा झळकतो, हा गुण घ्यायचा. जे आपल्याला आधीच माहीत आहे तेच सांगितले असेल तर तो अनुवाद. उदाहरणार्थ, अग्नी हा थंडीवरचा उपाय. आणि जे प्रत्यक्षाच्या विरुद्ध नाही, दुसऱ्या साधनाने सिद्धही होत नाही, तो भूतार्थवाद. इंद्राने वृत्रावर वज्र उगारले, हे असे वाक्य.

आता नवल पाहा. यहुद्यांच्या शास्त्रातही नेमका हाच भेद आहे. त्यांचा मूळ ग्रंथ तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्यावरची आचार्यांची प्रचंड चर्चा म्हणजे तालमूद. त्यांतला बाबिलोनचा मोठा तालमूद इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास आकाराला आला. शिवाय मिद्राश नावाचे टीकाग्रंथ आहेत. या सगळ्यात जो आचाराचा, विधीचा भाग, त्याला म्हणतात हलाखा. आणि कथा, दृष्टांत, संतचरित्रे, चमत्कार, लोकोक्ती यांचा जो भाग, त्याला म्हणतात अगादा. एकाच पानावर दोन्ही गुंफलेले असतात. शनिवारी दिवा लावावा की नाही याची काटेकोर चर्चा चालली असते, आणि मध्येच कुणा आचार्याची गोष्ट येते. त्यांच्या जुन्या पंडितांनी ठरवून टाकले की अगादेवरून आचाराचा निर्णय काढू नये, पण अगादा टाकूनही देऊ नये. या कथा इतक्या की लुई गिंझबर्ग नावाच्या पंडिताने त्या गोळा करून 1909 ते 1938 या काळात सात खंड प्रसिद्ध केले. त्यांपैकी पुष्कळ मूळ तोरेत नाहीतच. आपल्याकडे जसे मूळ भारतात नसलेले पुष्कळसे लोकांच्या ओठी आहे, तसेच हे.

नमुन्यादाखल तीन कथा सांगतो.

पहिली मोशेची. तोरा एवढेच सांगते की मोशे सासऱ्याची मेंढरे राखत होता. मिद्राश पुढची गोष्ट सांगतो. कळपातले एक कोकरू पळाले. मोशे त्याच्या मागे धावला. पाहतो तो ते पाणवठ्यावर पाणी पीत आहे. त्याला वाटले, अरेरे, हे तहानेने पळाले आणि आपल्याला कळलेही नाही. आता दमले असेल. म्हणून त्याने ते खांद्यावर घेतले आणि कळपात आणले. तेव्हा देवाने ठरवले की ज्याला मुक्या जनावराची तहान कळते, तोच माझ्या लोकांना राखील. वाचकहो, आमच्या अंगावर काटा आला. इथे कोकरू, तिथे गाढव. इथे रान, तिथे रामेश्वराची वाट. कुणी कुणाचे उसने घेतले म्हणायचे? कुणीच नाही. जिथे जिथे तहान आहे तिथे तिथे ही कथा उगवणारच.

दुसरी समुद्राची. मिसर देशाच्या राजाने छळलेले इस्राएल लोक समुद्र दुभंगून पार झाले आणि पाठलाग करणारे सैन्य बुडाले, ही कथा प्रसिद्ध आहे. तालमूदाचे आचार्य म्हणतात, त्या वेळी स्वर्गात देवदूत स्तुतीचे गाणे गाऊ लागले, तेव्हा देवाने त्यांना थांबवले. माझ्याच हातची लेकरे बुडत असता तुम्हांला गाणे कसे सुचते, असा त्या रागावण्याचा भाव. शत्रू बुडाला तरी देवाच्या घरी सुतक! या सुटकेचा त्यांचा सण आहे पेसाह. त्या सणाच्या शेवटच्या दिवसांत ते स्तुतीची स्तोत्रे पुरी न म्हणता काही भाग गाळतात, आणि त्याचे एक कारण हीच कथा सांगून देतात. पाहा, अर्थवाद विधीला कसा येऊन मिळतो तो.

तिसरी बाजाराची. एलियाहू नावाचा त्यांचा एक संदेष्टा. तो मेला नाही, अग्निरथातून सदेह वर गेला, आणि त्यामुळे लोकांच्या श्रद्धेत तो अजून वेष पालटून पृथ्वीवर हिंडतो, अडल्यानडल्याला भेटतो. एका आचार्याने भर बाजारात त्याला विचारले, या गर्दीत परलोकाचा अधिकारी कोण? एलियाहूने दोन अगदी साध्या माणसांकडे बोट दाखवले. आचार्य धावत गेला आणि त्यांना विचारले, तुम्ही करता तरी काय? ते म्हणाले, आम्ही विनोदी माणसे. कुणी उदास दिसला तर त्याला हसवतो, दोघे भांडताना दिसले तर त्यांचे भांडण मिटवतो. बस्स. दामाजीपंतांसाठी बेदराच्या दरबारी जाणारा विठू आणि जनीबरोबर दळायला बसणारा पांडुरंग ज्यांच्या घरचा, त्यांना हा एलियाहू परका कसा वाटावा?

हा एलियाहू कोकणातही येऊन गेला, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. अलिबाग तालुक्यात खंडाळे नावाचे गाव आहे. घाटावरचे खंडाळा वेगळे, बरं का. तिथल्या खडकावर एलियाहूच्या रथाची, घोड्याच्या टापेची खूण दाखवतात. लोक त्या जागेला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात, तिथे जमतात, नवस फेडतात. त्याच्या नावाने मलिदा करतात. मलिदा म्हणजे आपल्याकडचा कुस्करलेल्या पोळीचा नव्हे. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वर फळे आणि फूल. जगातल्या बाकीच्या ज्यूंना हा मलिदा ठाऊक नव्हता. देव त्यांचा, ताट मात्र कोकणचे.

हे ऐकून कुणी हसेल, तर त्याने आधी आपल्या कौंडण्यपुराकडे पाहावे. वर्धेच्या काठी, आमच्याच जिल्ह्यात, रुक्मिणीमातेचे माहेर. दर आषाढीला तिची पालखी माहेराहून सासरी पंढरीला निघते. त्या पालखीत चालणाऱ्या मायबहिणींना कुणी भूगोलाचा पुरावा मागितला आहे काय? लेक सासरी निघाली आहे, एवढे त्यांना पुरते. खंडाळ्याच्या खडकापाशी जाणाऱ्या बाईलाही एलियाहू येऊन गेला एवढे पुरते. दूरचे धर्मवाक्य आपल्या शिवारात आणून बसवणे हे दंतकथेचे मोठे काम आहे. ते काम शास्त्र करीत नाही, करू शकतही नाही.

आता कीर्तनाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात या समाजातल्या पुष्कळांना हिब्रू येत नव्हते. जॉन विल्सन या मिशनऱ्याने 1832 साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. पुढे समाजातलेच जोसेफ एझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. पण ग्रंथ छापला म्हणून तो चुलीपर्यंत पोचत नाही. तो पोचवतो कथेकरी. मुंबईत हिंदू कीर्तने ऐकून त्यांच्यातल्या काही जाणत्यांना वाटले, हेच आपल्याकडे का नसावे? 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर वगैरे मंडळींनी बेने इस्राएलांचे कीर्तन सुरू केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पद्यांत रचली, आपल्याच ओव्या, साक्या, दिंड्यांच्या चालींवर गायिली. वळण नारदीय कीर्तनाचे. आणि देव तोच त्यांचा एक, निराकार. पुढे 1948 नंतर हजारो कुटुंबे इस्राएल देशी गेली. इथे आता हा समाज काही हजारांवर आला आहे आणि कीर्तने विरळ झाली आहेत. तरी तिकडेही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे.

इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्यांच्या मिद्राशात अब्राहामाची एक कथा फार प्रसिद्ध आहे. अब्राहामाचा बाप मूर्ती विकत असे. मुलाला दुकानात बसवून तो बाहेर गेला. मुलाने दंडुक्याने सगळ्या मूर्ती फोडल्या, आणि दंडुका मोठ्या मूर्तीच्या हाती देऊन ठेवला. बाप परतल्यावर म्हणाला, यांचे भांडण झाले, थोरल्याने धाकट्यांना मारले. बाप म्हणाला, या मूर्तींना का काही कळते? मुलगा म्हणाला, मग त्यांची पूजा कशाला? आता विटेवरच्या सावळ्या रूपावर जीव ओवाळून टाकणाऱ्या आपण ही कथा कशी ऐकावी? रागवावे, की मान हलवावी?

मीमांसक म्हणतो, दोन्ही नको. आमच्याकडे ‘नहिनिन्दा’ नावाचा न्याय आहे. निंदा ही निंदेसाठी नसते. जे करायला सांगितले आहे त्याची स्तुती करण्यासाठी असते. अब्राहामाच्या कथेतला विधी आहे ‘एकालाच भज’. मूर्तीची निंदा हा त्या विधीचा अर्थवाद. तो त्यांच्या विधीशी एकवाक्य आहे. तिथून उपटून तो आपल्या गाभाऱ्यावर फेकणे हा वाक्यभेदाचा दोष. आणि उलटही तितकेच खरे : आपल्या आख्यानांत येणारी इतर दैवतांची, इतर मार्गांची निंदा उपटून शेजाऱ्याच्या डोक्यात घालणे हाही तोच दोष. अष्टमकर आणि मंडळींनी आपली चाल घेतली, आपले दैवत घेतले नाही, आणि आपली टवाळीही केली नाही. घरोबा म्हणतात तो हाच.

आता मुलाच्या प्रश्नाकडे परत जाऊ. बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन नावाचा यहुद्यांचा महान आचार्य होऊन गेला. तो 1204 साली वारला. आपल्या आचार्यांच्या नवलकथा ऐकणाऱ्यांचे त्याने तीन वर्ग केले. पहिला वर्ग अक्षर न् अक्षर जसेच्या तसे घेतो आणि खरे मानतो. दुसराही जसेच्या तसेच घेतो, आणि म्हणून हसतो. या दोघांनाही त्याने चुकीचे ठरवले, कारण दोघेही कथेच्या सालीवरच थांबतात. तिसरा वर्ग फार थोडा : शहाण्यांनी कोड्यात बोलून काही मर्म ठेवले आहे असे जाणून ते शोधणारा. गंमत अशी की याच आचार्याने एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंविषयी लिहिले आहे की त्यांना शास्त्र ठाऊक नाही. शनिवारचा विसावा आणि आठव्या दिवसाची सुंता एवढेच त्यांच्यापाशी आहे. ते ज्यू कोणत्या किनाऱ्यावरचे हे पत्रात नाही. पण कोकणातल्या घाण्याची आठवण आल्यावाचून राहत नाही.

आम्ही त्या मुलाला पहिल्या वर्गात ढकलायला गेलो. तो तिथे जाईना. अशा वेळी तो दुसऱ्या वर्गात जाऊन बसला तर पाप कुणाचे? आमचे. तिसरा वर्ग आहे हे आम्ही त्याला सांगितलेच नाही.

म्हणून कीर्तन करणाऱ्या आणि ऐकणाऱ्या मंडळींना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, आख्यान लावण्याआधी त्यातला विधी कोणता ते स्वतःशी नक्की करावे. नाथांच्या आख्यानातला विधी ‘भूती भगवंत पाहा’ हा आहे; तो सुटला तर गाढवाची नुसती गंमत उरते. दुसरे, कथा कुठून आली ते सांगायला लाजू नये. ग्रंथातली असेल तर ग्रंथातली म्हणावे, लोकांच्या तोंडची असेल तर तसे म्हणावे. महिपतीबोवांनी 1762 साली भक्तविजय पुरा केला, त्यात आपण नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधाराने लिहितो असे स्पष्ट सांगितले. त्याने त्यांचे महत्त्व कमी झाले काय? तिसरे, ज्या कथेने श्रोता मंडपाबाहेर जाऊन कुणाचा द्वेष करू लागेल ती कथा आपल्या विधीपासून तुटली असे समजावे आणि टाळ खाली ठेवावे.

कुणी म्हणेल, बुवा, मग तुकोबारायांच्या गाथेचे काय? ती इंद्रायणीत तरली हे खरे की नाही? आम्ही ते आख्यान भूतार्थवाद म्हणून सांगतो आणि देहूला डोके टेकवतो. पण ज्याला तो गुणवाद वाटतो, ‘खरे बोल लोकांच्या कंठात तरले’ असा जो त्याचा अर्थ घेतो, त्यालाही पंगतीतून उठवत नाही. दोघांच्याही ताटात तोच प्रसाद पडतो. नवगावला ग्रंथ बुडाले ते वर आले नाहीत. तरी शनिवार, शमा आणि आजीच्या गोष्टी यांच्या आधाराने धर्म तरला. त्या चौदा जणांच्या लेकरांना आम्ही आणखी काय पुरावा मागावा?

शेवटी एक सांगतो आणि पुरे करतो. त्या सप्ताहाला रोज येणारी एक म्हातारी होती. गावाबाहेर झोपडी, शेळ्या दोन. दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा वरूडच्या त्याच मंडपात उभे राहिलो, तेव्हा ती भेटली. दारात कुंड ठेवते, असे कुणीसे म्हणाले. आम्ही विचारले, आई, हे केव्हापासून? ती म्हणाली, “तुमी थे गाढवाची गोष्ट सांगतली नं बापा, तवापासून. खरी का खोटी मले नाही समजत. पर आता मुक्या जनावराले पाणी पाजल्याबिगर माह्या घशाखाली घोट नाही उतरत.” हंडा दोन मैलांवरून डोक्यावर आणायचा, आणि त्यातला हिस्सा रस्त्यावरच्या गुराढोरांना!

मीमांसेची आमची सारी वर्षे त्या कुंडात विरघळली. अर्थवाद विधीला मिळतो म्हणजे काय, ते त्या माउलीने न शिकता करून दाखवले.

तो मुलगा आता शिक्षणासाठी परगावी असतो असे कळते. हा अंक त्याच्या घरी पोचवण्याची व्यवस्था केली आहे. बाळा, तुझा प्रश्न चांगला होता. खरंच झालं होतं का, हे तू जरूर शोध. शोधणाऱ्याला आमच्या मंडपात जागा आहे. फक्त शोधताना वाटेत कुणी तहानलेला दिसला तर कावड आधी तिथे रिती कर. एवढे झाले की कथा घडली. पूर्वी घडली असेल नसेल, तुझ्या हातून तरी घडली. आणि पुढच्या सप्ताहाला ये. या वेळी आम्ही रागावणार नाही.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.